निसर्ग सुंदर का वाटतो, आणि त्या वाटण्यात आपण कुठे फसतो

जून सरला की कोल्हापुरातून पश्चिमेकडे जाणारे रस्ते रविवारी तुंबतात. पन्हाळा, आंबा घाट, गगनबावडा, राधानगरी, सगळीकडे गाड्यांच्या रांगा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात पन्हाळाही आहे, म्हणजे ही गर्दी कमी व्हायची चिन्हं नाहीत. सोबत दरवर्षीच्या बातम्याही ठरलेल्या: धबधब्यात कुणीतरी वाहून गेलं, प्रशासनानं बंदी आदेश काढला, पठारावर प्लास्टिकचा ढीग सापडला.

यावर दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक, लोकांना अक्कल नाही. दुसरं, लोकांना निसर्गाची ओढ लागली हे चांगलंच झालं. दोन्ही अपुरी आहेत. धुक्यानं भरलेली दरी बघून ज्याचा श्वास क्षणभर थांबतो, तोच माणूस पाच मिनिटांनी पाण्याची बाटली त्याच दरीत टाकतो. ही दोन वेगवेगळी माणसं नसतात. ओढही खरी आणि बेफिकिरीही खरी. दोन्ही एकत्र कशा नांदतात, हे समजायला आधी निसर्ग सुंदर ‘वाटतो’ म्हणजे आत काय होतं ते पाहावं लागेल.

डोळा नेमकं काय शोधतो

पन्हाळ्याच्या सज्जाकोठीत उभं राहून बघा. डोक्यावर छत, पाठीशी जाड दगडी भिंत, समोर कमानीतून खाली उतरत गेलेली दरी आणि लांबवर शेतं. बहुतेक माणसं इथं आपोआप थांबतात आणि बोलणं कमी करतात. १९७५ मध्ये जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी याचं एक स्पष्टीकरण मांडलं. माणसाला अशी जागा आवडते जिथून लांबपर्यंत दिसतं, पण आपण स्वतः सहज दिसत नाही. लाखो वर्षं उघड्यावर जगलेल्या प्राण्याला या दोन गोष्टी जगवत होत्या: सावज आणि शत्रू दोन्ही लांबून दिसणं, आणि पाठीला आडोसा असणं.

यात पाणी आणि झाड मिळवा. संथ पाणी, पसरट फांद्यांचा वृक्ष, मधून मधून मोकळं गवत, हे चित्र अनेक देशांतल्या लोकांना आवडतं. १९८२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात मुलांना आणि मोठ्यांना घनदाट जंगल, सूचिपर्णी जंगल, वाळवंट, माळरान अशा ठिकाणांचे फोटो दाखवले. आठ वर्षांच्या मुलांनी तुरळक झाडांचं गवताळ माळरान जास्त पसंत केलं. वय वाढलं तशी ज्याची त्याला सवय असलेली दृश्यंही तितकीच आवडू लागली.

इथं पहिली शंका येते: ही सगळी गुहेतल्या माणसाची रचलेली गोष्ट कशावरून नाही? शंका रास्त आहे. माळरानाच्या आवडीबद्दल नंतर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. त्यामुळे ‘आपला जन्म आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशात झाला म्हणून अंबाई टँकच्या पोहण्याच्या तलावापेक्षा रंकाळा आवडतो’ असलं काही कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मात्र पाणी, सावली आणि लांबवरची नजर या तीन गोष्टींची ओढ जवळजवळ सगळीकडे आढळते. एक गोष्ट इथंच लक्षात ठेवायला हवी. ही ओढ माणसाच्या सोयीची खूण ओळखते. त्या पाण्याचं, त्या झाडाचं आरोग्य तिला कळत नाही. पुढचा सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

बरं वाटतं ते खरं, की मनाची समजूत?

दिवसभर हिशेब, मोबाईल, गाडी चालवणं, समोरच्याचं बोलणं कान देऊन ऐकणं. या प्रत्येकाला ताणून लावलेलं लक्ष लागतं. स्टीफन आणि रेचल कॅपलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं सांगितलं की हे लक्ष संपतं आणि पुन्हा भरतं. दिवसभर मोटार चालवून विहीर तळाला नेली तर दुसरी मोटार लावून पाणी वाढत नाही. उपसा थांबवावा लागतो, मग झरे आपोआप विहीर भरतात. पानांची सळसळ, ढगांचं सरकणं, पाण्यावरची लहर नजर वेधतात, पण आपल्याकडून काही मागत नाहीत. तेवढ्या वेळात उपसा थांबतो.

मोजमापंही आहेत. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ मधली कागदपत्रं तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, त्यांच्या वय आणि प्रकृतीनुसार २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडवाल्यांना वेदनाशामकांचे जबर डोस कमी लागले. रुग्ण थोडे, रुग्णालय एकच, त्यामुळे एवढ्यावर इमारत उभी करू नये. पण २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की रहदारीच्या रस्त्यापेक्षा झाडी-गवतातून ९० मिनिटं चालल्यानं तेच ते विचार उगाळण्याची सवय मंदावते. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ च्या पाहणीत आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. मुळात धडधाकट माणसंच जास्त फिरत असतील, ही शक्यता त्यात उरतेच.

यातली कामाची गोष्ट अशी की फायद्यासाठी घाट गाठायची गरज नाही. आठवड्यातली ही १२० मिनिटं तुकड्यांत चालतात. गल्लीतला पिंपळ, विद्यापीठाच्या परिसरातली झाडं, रंकाळ्याचा पदपथ पुरे. अट एकच, फोन खिशात. फोन हातात असला की मोटार चालूच राहते.

गगनबावड्याच्या शेतकऱ्याला निसर्ग सुंदर का नाही वाटत?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो महत्त्वाचा आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या आत, शिरोळला पाचशेच्या आसपास. शहरातला माणूस पेट्रोल जाळून तो पाऊस बघायला जातो, आणि तिथला शेतकरी इरलं पांघरून भातलावणीच्या चिखलात वाकलेला असतो. त्याला त्या पावसाचा फोटो काढावासा वाटत नाही. मग सौंदर्य हा पोट भरलेल्यांचा चोचला ठरतो का?

नाही. त्याच शेतकऱ्याला भात पोटरीला आल्यावर बांधावर उभं करा. ‘काय रान डोलतंय’ हे तो कुणी न विचारता म्हणतो. शहरातल्या दीड खोलीच्या घराबाहेर तेलाच्या डब्यात तुळस आणि फुटक्या बादलीत जास्वंद लावणाऱ्या बाईकडे फावला वेळ आणि पैसा असतोच असं कुठं आहे? सौंदर्याची जाण सगळ्यांना असते. बदलतं ते अंतर. ज्या गोष्टीशी आपला रोजचा घाम, नुकसान किंवा भीती जोडलेली असते, तिच्याकडे नुसतं ‘बघणं’ अवघड जातं. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये हेच सांगितलं: ती वस्तू आपल्या ताब्यात यावी, उपयोगी पडावी, असा विचार बाजूला पडतो तेव्हाच शुद्ध सौंदर्याचा अनुभव येतो.

गव्याचं उदाहरण घ्या. दाजीपूरच्या जंगलात तो दिसला की गाडीतले सगळे श्वास रोखून बघतात. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, राजबिंडा. तोच गवा रात्री उसात शिरला तर? जनावर तेच, डोळेही तेच, बदललेलं असतं नुकसानीचं गणित. ‘गावकऱ्यांना वन्यजीवांचं प्रेम नाही’ असं शहरात बसून म्हणणं म्हणून चुकीचं आहे. त्यांच्याकडे अंतर नाही, एवढंच. पीकनुकसानीची भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळणं हा त्या अंतराचा खर्च आहे, आणि गवा बघण्याचा आनंद घेणाऱ्या आपण सगळ्यांनी तो उचलायला हवा.

भीतीची गोडी आणि धबधबा

सुंदर आणि भव्य या दोन गोष्टी वेगळ्या, हे एडमंड बर्क यांनी १७५७ मध्येच लिहून ठेवलंय. फूल सुंदर असतं. कोसळणारा कडा, गर्जणारं पाणी भव्य असतं, आणि त्यात भीती मिसळलेली असते. ती भीती सुरक्षित अंतरावरून गोड लागते. अंतर संपलं की उरते नुसती भीती, किंवा त्याहून वाईट म्हणजे भीतीही उरत नाही.

अडचण अशी की ‘सुरक्षित अंतर’ आपण मोजून ठरवत नाही. दहा जण पाण्यात उभे दिसले की अकरावा ते सुरक्षित मानतो. त्यात फोन. पडद्यात बघताना बाजूचं दिसत नाही आणि पाण्याच्या बदललेल्या आवाजाकडे कान जात नाही.

म्हणून धबधब्याचं गणित माहीत असलेलं बरं. आपल्याकडचे बरेच धबधबे वरच्या सड्यावरचं पाणी घेऊन येतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. त्यावरची माती इतकी पातळ असते की ती एकदा भिजली की पुढचं जवळजवळ सगळं पाणी वाहूनच जातं. तुम्ही उभे आहात तिथं ऊन असेल, पण दोन किलोमीटर वर मोठी सर आली तर काही मिनिटांत ओढा चढतो. आधी खुणा येतात: नितळ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. यातली एक जरी दिसली तरी सामान तिथंच सोडून काठाकडे, आणि काठावरून वर जायचं. पलीकडच्या काठावर जायच्या भानगडीत पडायचं नाही.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून घोट्याच्या थोडं वरचं वेगवान पाणीही शेवाळलेल्या दगडावर धडधाकट माणसाला पाडतं. रस्त्यावरून वाहणारं दोन फूट पाणी बहुतेक मोटारी ढकलून नेऊ शकतं. धरणाखालच्या नदीपात्राचा प्रकार आणखी वेगळा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी भोगावतीत येतं. पात्रातल्या खडकावर तुम्ही जेवायला बसलाय की नाही, हे दरवाजाला कळत नाही.

जांभळी फुलं आणि काळा कातळ

आता मघाचा घोटाळा. आपली ओढ माणसाच्या सोयीच्या खुणा ओळखते. मग जे हिरवं, ओलं, फुललेलं ते छान, आणि जे करडं, कोरडं, उघडं ते भकास, असा शिक्का डोळा परस्पर मारून मोकळा होतो. कोल्हापुरात हा शिक्का दोन्ही बाजूंनी चुकतो.

उन्हाळ्यात पंचगंगेवर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरतं. पाण्यावर हिरवागार गालिचा, त्यावर फिकट जांभळी फुलं. नवख्या माणसानं फोटो काढला तर दोष देता येणार नाही. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. हवामान मानवलं तर तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तिला खायला लागतं नत्र आणि स्फुरद, आणि ते येतं सांडपाण्यातून, मैल्यातून, शेतातून वाहून आलेल्या खतांतून. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसवले की पाणी थांबतं आणि केंदाळाला आयतं तळं मिळतं. खाली उजेड जात नाही, म्हणून पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करू शकत नाही. वरचं केंदाळ कुजताना आहे तोही वापरला जातो. स्वच्छ पाण्यात लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तो तीनच्या खाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, आणि मग मेलेल्या माशांच्या बातम्या येतात.

काढण्याचे प्रयत्न फसतात त्याचीही कारणं ठरलेली आहेत. केंदाळ बंधाऱ्यावरून पुढं ढकललं तर प्रश्न फक्त खालच्या गावाला जातो. काठावर ढीग लावून सोडलं तर त्यातलं नत्र-स्फुरद पहिल्या पावसात परत नदीत उतरतं. वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असल्यानं लांब वाहून नेणं महाग पडतं. ते जवळच पण पूररेषेबाहेर नेऊन त्याचं खत करणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. बी चिखलात कित्येक वर्षं टिकतं. म्हणून नाल्यांतून येणारं सांडपाणी नदीत मिसळण्याआधी शुद्ध झालं नाही, तर केंदाळ काढणं हा दरवर्षीचा खर्च ठरतो.

उसाच्या हंगामात असंच आकाशाबाबत होतं. पाचट पेटवलं की संध्याकाळी सूर्य तांबडा, तेज हरवलेला गोळा दिसतो. फोटोत तो फार छान येतो, पण तो रंग बराचसा धुराचा असतो.

दुसऱ्या टोकाला सडा. मार्च-एप्रिलमध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलात तर काळपट कातळ आणि वाळलेलं गवत दिसेल. ‘इथं काहीच नाही, झाडं तरी लावा’ ही पहिली प्रतिक्रिया. कातळावरची माती काही ठिकाणी बोटभरही नाही, आणि तिच्यात नत्र-स्फुरद नावालाच. या उपासमारीतूनच इथली नवलाई आली आहे. सीतेची आसवं हे निळं-जांभळं इवलंसं फूल. त्याच्या मातीतल्या भागांवर टाचणीच्या टोकाएवढ्या किंवा त्याहून लहान पिशव्या असतात. ओल्या मातीतला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाला लागला की झडप उघडून, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, तो आत ओढला जातो. दवबिंदू ही शेजारीण चिकट थेंबांवर किडे पकडते. मातीत मिळत नाही ते अन्न या वनस्पती शिकारीतून मिळवतात.

सड्यावर पोतंभर माती आणि खत टाकून झाडं लावली तर ही मंडळी हटतात, कारण अन्न वाढलं की जोमदार गवत आणि तण त्यांच्या डोक्यावर चढतं. वृक्षारोपण सगळीकडेच पुण्याचं काम असतं हा समज सड्यावर उघड नुकसान करतो. झाडं लावायची असतील तर उघड्या पडलेल्या उतारांवर, नदीकाठांवर, गावाच्या आणि शहराच्या रस्त्यांवर लावा. सडा उघडाच असायला हवा.

सवय

फिलिपिन्स आणि कॅनडात काम केलेल्या डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक निरीक्षण मांडलं. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते, त्यालाच ‘मूळचं’ समजते आणि ऱ्हास तिथून पुढं मोजते. पंचगंगेत सूर मारून तेच पाणी प्यायलेली माणसं अजून आपल्यात आहेत. आज दहा वर्षांच्या मुलाला केंदाळ असलेली नदी हीच नदी वाटते, आणि थोडं केंदाळ काढलं की ती ‘स्वच्छ’ दिसते. याला उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: नोंदी. ठरलेल्या जागेवरून, दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एक फोटो, आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडून माशांची, पाणवठ्यांची नावं लिहून घेणं. शाळांना हे सहज जमेल.

सौंदर्याच्या प्रेमानं निसर्ग वाचत नाही का?

एकट्या प्रेमानं क्वचितच. आपल्याकडे जे वाचलं त्याचा इतिहास बघा. शाहूवाडी, आजरा, चंदगडकडच्या देवराया टिकल्या त्या देवाच्या धाकानं. काटकीही घरी न्यायची नाही हा नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला गाव ओळखत होतं. दाजीपूरचं रान संस्थानाच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं. आज राधानगरी अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. दोन्हीकडे नियम आधी आला आणि कौतुक मागून.

तरी सौंदर्याला मोडीत काढू नये. २०१५ च्या एका अमेरिकन प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक मिनिट उंचच उंच निलगिरीच्या झाडांकडे मान वर करून पाहिलं, काहींनी शेजारच्या इमारतीकडे. नंतर संशोधकानं मुद्दाम पेनं सांडली, तेव्हा झाडं पाहिलेल्यांनी जास्त पेनं उचलून दिली. भव्य काही पाहिलं की माणूस थोडा वेळ स्वतःला विसरतो आणि दुसऱ्याकडे बघतो. हा वेळ फार थोडा असतो, आणि कचऱ्याचं गणित त्याच्याहून जोरदार. १९९० च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसलं की जागा आधीच घाण असेल तर लोक तिथं जास्त कचरा टाकतात. म्हणून पर्यटनस्थळी रविवारी सकाळी गर्दी यायच्या आत, म्हणजे शनिवारी संध्याकाळीच, केलेली सफाई सोमवारच्या सफाईपेक्षा जास्त कचरा वाचवू शकते. पंचायतींनी आणि स्वयंसेवकांनी एवढा एक बदल जरूर करून बघावा.

सड्यावर जाणार असाल तर

शक्यतो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि आडवारी जा. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. चाकाच्या एका चाकोरीतून पठारावरचं साचलेलं पाणी निचरून जातं, आणि त्या पातळ पाण्यावर जगणारी फुलं पुढच्या वर्षी तिथं येत नाहीत. पाय उघड्या कातळावर किंवा मळलेल्या वाटेवर टाका, हिरव्या थरावर नको. यातल्या बऱ्याच वनस्पती एका पावसाळ्याच्या असतात. बी धरण्याआधी चिरडल्या तर मातीतला बियांचा साठा तेवढा घटतो. जुलैत मसाई पठारावरून पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या हजारो जणांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तेव्हा फुलं दिसत नाहीत, पण रोपं नुकती उगवलेली असतात.

चूल पेटवू नका. तापलेला कातळ आणि जळालेली माती दोन्ही भरून यायला अनेक वर्षं लागतात. फुलांत झोपून फोटो काढू नका. गुडघे कातळावर टेकवा आणि हातभर जागेकडे दहा मिनिटं बघा. पांढऱ्या बटणांसारखे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी लगेच दिसतील. सीतेची आसवं शोधावी लागतात. साधं भिंग जवळ असेल तर दवबिंदूच्या पानावर अडकलेला किडा दिसतो. आणि एकदा मुद्दाम एप्रिलमध्येही जा. कातळाच्या फटींत, मूठभर मातीत, कंद आणि बिया पावसाची वाट बघत असतात. त्या काळात तिथं गाडी फिरवली किंवा मुरूम काढला तरी ‘नुकसान काहीच झालं नाही’ असंच डोळ्याला वाटतं, आणि सड्यांचं बरंच नुकसान होतं ते याच महिन्यांत.